पहिलं चांगलं की दुसरं?

चष्मेकाकांचं म्हणणं एवढंच होतं की काळा रंग काळा दिसला पाहिजे. आता यात भांडण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण याच एका वाक्यापायी त्यांनी जावयाशी वाद घातला, इमारतीच्या सेक्रेटरीला अर्धा आंधळा ठरवलं, टपाल कचेरीत स्वतःवर संशय ओढवून घेतला आणि शेवटी स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच टीव्हीसमोर चारचौघांत तोंडघशी पडले. एवढं होऊनही त्यांचं म्हणणं आजही तेच आहे.

चौकात त्यांचं चष्म्याचं दुकान. दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाला उंच खुर्चीत बसवायचं, नाकावर तपासणीची जड गोल फ्रेम चढवायची, तिच्यात एकेक भिंग सरकवायचं आणि विचारायचं, "पहिलं चांगलं, की दुसरं?" उभा जन्म हाच प्रश्न विचारण्यात गेल्यामुळे तो त्यांच्या अंगात मुरला होता. घराला रंग देताना रंगाऱ्याला, टोमॅटो घेताना भाजीवाल्याला, एकदा तर दात काढताना दंतवैद्यालाही त्यांनी तो विचारला होता. गिऱ्हाइकाने "सारखंच दिसतंय" असं उत्तर दिलं की मात्र काकांच्या कपाळाची शीर उडायला लागायची. "सारखं काही नसतं हो. नीट बघा," असं ते म्हणत, आणि भिंग पुन्हा बदलत.

अशा माणसाला सिनेमाचं वेड असावं आणि ते वेड डिस्क जमवण्यापर्यंत जावं यात नवल नाही. बाहेरच्या खोलीत खिडकीला खेटून त्यांचं कपाट होतं. जमिनीपासून छतापर्यंत नुसत्या डिस्क. त्या कपाटाने खिडकीची तीन चतुर्थांश जागा खाल्ली होती, आणि काकूंना नेमकी तीच खिडकी हवी होती. काकू शिवणकाम करायच्या. त्यांची मशीन स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळकंडीत, एका पिवळ्या दिव्याखाली कोंबलेली होती. "सिनेमांना उजेड आणि मला अंधार," असं त्या दिवसातून एकदा तरी म्हणायच्या. काका तेवढ्यात एखादी डिस्क पुसायला घेत.

असं सगळं वर्षानुवर्षं सुरळीत बिनसलेलं असताना जावई एक बोटाएवढी डबी घेऊन आला आणि ती त्याने टीव्हीच्या मागे खोचली.

"बाबा, आता सगळे सिनेमे ऑनलाइन. बटण दाबायचं आणि बघायचं. कपाटाची गरजच नाही."

काकूंचा चेहरा असा खुलला की काकांना तिथेच धोक्याची चाहूल लागली. पण बोलणारा जावई, त्यातही स्वभावाने इतका गरीब की त्याच्यावर रागावणंही अवघड. काका खुर्चीत बसले. जावयाने मुद्दाम त्यांच्या आवडीचा सिनेमा लावला. त्यात एक खाणकामगार कंदील घेऊन भुयारात उतरतो. डिस्कवर तो प्रसंग काकांनी इतक्या वेळा पाहिला होता की त्या भुयारातले दगड त्यांना ओळख दाखवत असतील. इथे मात्र कामगार दोन पावलं चालला आणि त्याच्या मागच्या अंधाराचे चौकोन चौकोन झाले.

"हा अंधार आहे?" काका उसळले. "ही न्हाणीघराची फरशी आहे. काळा रंग कुठे गेला?"

"मला तर सारखंच दिसतंय, बाबा," जावई म्हणाला.

दुसरं काहीही म्हणाला असता तर निभावलं असतं. पण तो नेमका "सारखंच" म्हणाला. काका उठून उभे राहिले आणि त्यांनी समजावायला सुरुवात केली: सिनेमा तारेतून पाठवायचा तर तो पिळून, दाबून, लहान करून पाठवावा लागतो, आणि हे दाबणारे लोक सगळ्यात आधी अंधारच कापतात, कारण अंधाराची तक्रार करायला कुणी येत नाही. डिस्कवर ती कापाकापी कितीतरी कमी. बोलता बोलता त्यांचा चहा निवला. काकूंनी तो परत गरम केला नाही. त्या ओढणीला शिवण घालत होत्या, दाताने दोरा तोडून त्या म्हणाल्या, "ठरवूनच टाका एकदा. रविवारी चारचौघांना बोलवा, दोन्ही लावून दाखवा. कुठलं डिस्कचं हे एकाने, अगदी एकाने जरी बरोबर ओळखलं, तर कपाट राहील आणि मी पुन्हा त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. कुणालाच ओळखता आलं नाही, तर डिस्क भंगारात आणि खिडकीत माझी मशीन."

"मंजूर," काका म्हणाले. चारचौघांच्या डोळ्यांवर त्यांचा भाबडा विश्वास होता. डोळ्यांच्या धंद्यात राहून तो टिकला कसा, हे एक कोडंच आहे.

त्याच संध्याकाळी सराव म्हणून त्यांनी डिस्क प्लेअरमध्ये घातली. प्लेअर घरघरला, विचारात पडला आणि आत डिस्कच नाही असं त्याने पडद्यावर लिहून दाखवलं.

ही बातमी जिन्यातून वर जायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर टूथपेस्ट घेऊनच खाली आले. डिस्कला टूथपेस्ट चोळली की ती वाचली जाते, असं त्यांनी ठामपणे सांगितलं आणि काका टॉर्च आणायला आत गेले तेवढ्यात एका डिस्कवर करूनही दाखवलं. ती डिस्क चालली नाहीच, पण अजूनही कपाट उघडलं की पुदिन्याचा वास येतो. सेक्रेटरीही आले. ते पायजम्याचा खिसा चाचपत म्हणाले, "आमच्या टीव्हीवर या, सगळं लख्ख दिसतं." सेक्रेटरींचा टीव्ही काकांनी पाहिला होता. त्यावर माणसं साबणाने घासून पुसल्यासारखी दिसत आणि रडतानाही टवटवीत असत. एकदा चहाला गेले असताना काकांनी गुपचूप टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरून चित्र गुळगुळीत करणारी ती सोय बंद केली होती, तर सेक्रेटरींनी टीव्ही बिघडला म्हणून मेकॅनिक बोलावला होता.

दोष डिस्कचा नव्हताच. प्लेअरच्या पोटातली लेझरची लेन्स थकली होती. इथे ती मिळेना, तेव्हा काकांनी परदेशातून मागवली, आणि रविवार पुढे ढकलला गेला. लेन्स आली, पण टपाल कचेरीत अडकली. काका तिथे गेले. खिडकीमागच्या कारकुनाने खोका कानाजवळ नेऊन हलवून पाहिला.

"आत लेझर आहे असं लिहिलंय."

"आहे," काका अभिमानाने म्हणाले.

"व्यवसाय?"

"चष्म्याचं दुकान."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "म्हणजे लोकांच्या डोळ्यांवर लेझर मारणार तुम्ही?"

"डोळ्यांवर नाही हो, सिनेमावर!"

या उत्तराने काम सोपं होईल असं काकांना वाटलं होतं. पण त्यानंतर वरचे साहेब आले, मग साहेबांचे साहेब. डॉक्टरचं प्रमाणपत्र आणा, नाहीतर डॉक्टर नसल्याचं प्रमाणपत्र आणा, असं ठरलं. डॉक्टर नसल्याचं प्रमाणपत्र कोण देतं हे कुणालाच माहीत नव्हतं. काकांनी कागदावर प्लेअरचं चित्र काढून लेन्स कुठे बसते ते समजावलं. कारकून ते चित्र हात लांब करून बघत राहिला आणि म्हणाला, "डिस्क अजून कुणी बघतं का, काका? माझं सगळं फोनवर असतं."

झोंबलं. पण काकांच्या धंदेवाईक डोळ्याने तो लांब केलेला हात टिपला होता. "तुम्हाला फोनवर काय दिसणार? जवळचा नंबर लागलाय तुम्हाला. उद्या दुकानात या."

कारकून रागावला. पण डोकं दुखतच होतं, म्हणून दोन दिवसांनी आला. काकांच्या लेकीने त्याचा नंबर काढला. ती रीतसर शिकलेली, बापाच्याच दुकानात डोळे तपासायची. नवा चष्मा लावून कारकून कचेरीत परतला आणि खोक्यावरच्या बारीक अक्षरांत "फक्त घरगुती वापरासाठी" असं छापलेलं त्याला पहिल्यांदाच दिसलं. खोका सुटला. आपल्या धंद्याचा आयुष्यात इतका अभिमान काकांना कधी वाटला नव्हता. आणि त्याच अभिमानाच्या भरात त्यांनी, दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आलीही नसती अशी चूक केली.

रविवार उजाडला. प्लेअर सुरू झाला होता. खोलीत काळोख हवा म्हणून काकांनी खिडक्यांवर चादरी ठोकल्या होत्या. त्या पाहून समोरच्या इमारतीतल्या बाई घरात कुणी आजारी आहे का, असं विचारून गेल्या. मास्तर आले, सेक्रेटरी आले, जावई रिमोट घेऊन टीव्हीशेजारी बसला. लेक पाणी देत होती. काकू परीक्षक नव्हत्या. "पैज माझी, मी कशी बसू? मी माझं काम करते," म्हणून त्या बोळकंडीत मशीनपाशी होत्या. तिथून टीव्ही समोरासमोर दिसायचा.

सगळे बसल्यावर काकांनी कपाटाच्या दारावर अक्षरांचा तक्ता टांगला आणि पिशवीतून ती जड गोल फ्रेम काढली.

"हे काय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"परीक्षकांचे डोळे तपासून घेतो. ज्याला दिसतच नाही त्याचं मत काय कामाचं?"

काकांना यात काहीच वावगं दिसत नव्हतं. तराजू वापरायच्या आधी तो तपासतात, तसंच हे. पण पाहुणा म्हणून बोलावलेल्या माणसाला चहाआधी तक्ता वाचायला लावला तर त्याला काय वाटेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाच नाही. सेक्रेटरी तिसऱ्या ओळीवर अडखळले आणि चौथी ओळ त्यांनी मनानेच रचून म्हटली. मास्तरांना हिरवा आणि तपकिरी यांतला फरक कळत नाही असं निघालं. त्यांच्या पँटी अशा का असतात, याचा उलगडा इमारतीला त्या दिवशी झाला.

"दोघेही बाद," काकांनी जाहीर केलं. "सोमवारी दुकानात या."

मास्तरांनी पँटकडे पाहिलं. सेक्रेटरी मात्र तांबडेलाल झाले. पाणीकपातीची सूचना देतानाही इतका अपमान त्यांनी सोसला नव्हता. ते म्हणाले, "आणि तुमचे? तुमचे डोळे कुणी तपासलेत?"

"माझे?" काका हसले. "तपास गं माझे. होऊन जाऊ दे."

लेकीने टॉर्च काढला. उजव्या डोळ्यात पाहिलं, डाव्या डोळ्यात पाहिलं, पुन्हा उजव्यात पाहिलं. मग तिने टॉर्च विझवला.

"सांग की," काका म्हणाले.

"बाबा, आपण उद्या बोलू."

"आत्ताच बोल. सगळ्यांसमोर."

"मोतीबिंदू आहे, बाबा. दोन्ही डोळ्यांत. तुम्ही सारखा टीव्ही मळकट दिसतो म्हणून काच पुसता ना, ती काच स्वच्छच असते."

मास्तरांना हसू आवरलं नाही, पण त्यांनी ते खोकल्यात खपवलं. काकांचे कान तापले. गावभराचे डोळे बघणाऱ्या माणसाला स्वतःचा डोळा दिसू नये याची त्यांना इतकी लाज वाटली की क्षणभर चादर काढून खिडकीतून निघून जावं असं वाटलं. पण खिडकीत कपाट होतं. ते ताठ बसले.

"मोतीबिंदू असेल. फरकही आहे. आता बाद कुणीच नाही. लावा."

आता घोडं अडलं ते डिस्कपाशी. डिस्क सुरू होताना चोरून नक्कल करणं हा गुन्हा आहे अशी सूचना येते आणि ती पुढे ढकलता येत नाही. निरनिराळ्या भाषांत ती आली, आणि चौथ्या ओळीवर नापास झालेल्या सेक्रेटरींनी ती मुद्दाम मोठ्याने वाचून काढली. इकडे ऑनलाइनवाल्याचं गोल चक्र फिरत बसलं होतं. अखेर दोन्हीकडे खाणकामगार एकाच पायरीवर येऊन उभा राहिला. आवाजावरून कुणी ओळखू नये म्हणून तो बंद केला. जावयाने पाठ वळवून नाणं उडवलं आणि चित्रं लावली. एक, मग दुसरं.

"पहिलं चांगलं, की दुसरं?" काकांनी विचारलं.

"सारखंच," सेक्रेटरी म्हणाले.

"सारखंच," मास्तर म्हणाले.

लेकीने प्रामाणिकपणे डोळे बारीक केले. "मला नाही सांगता येत, बाबा."

उरले काका. त्यांना दोन्हींत धुकं दिसत होतं. त्या भुयारातला दगडन् दगड पाठ असलेला माणूस स्वतःच्या डोळ्यांतल्या धुक्यात तो दगड शोधत होता. "पहिलं," ते ठासून म्हणाले. "पहिलं डिस्कचं."

जावयाने मान खाली घातली. "पहिलं ऑनलाइन होतं, बाबा."

"पुन्हा लाव."

पुन्हा नाणं उडालं. या वेळी काकांनी दुसरं सांगितलं. तेही चुकलं. मग जावई म्हणाला, "मलाही तसंच वाटलं होतं, बाबा," आणि ही दया काकांना सेक्रेटरींच्या हसण्यापेक्षा जास्त लागली.

सेक्रेटरी आता मोकळेपणाने हसत होते. "संपलं! अहो, फरकबिरक काही नसतो. वय झालं की असे भास होतात माणसाला. भंगारवाल्याचा फोन देऊ का?"

काका उठून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज चांगला खणखणीत होता. "फरक आहे. मला दिसला नाही एवढंच आज सिद्ध झालंय. मला दिसत नाही म्हणून तो नाहीसा होत नाही. डिस्क न्यायच्या तर न्या, मी शब्द दिलाय. पण 'सारखंच' हे माझ्या तोंडून वदवून घेता येणार नाही. मी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेईन आणि जिथे मिळेल तिथे जाऊन तो अंधार परत बघेन."

मशीनचा खडखडाट थांबला होता.

"जावईबापू," काकू बोळकंडीतून म्हणाल्या, "परत लावा बरं. मला न सांगता."

जावयाने लावलं. एक, मग दुसरं.

"दुसरं डिस्कचं," काकू म्हणाल्या. त्या उठल्याही नव्हत्या. हातात सुई होती.

जावयाने डोळे मोठे केले. "बरोबर!"

"नशीब असेल, वहिनी," सेक्रेटरी म्हणाले.

"मग आणखी लावा."

जावई लावत गेला, नाणं उडवत गेला. काकू सांगत गेल्या. पहिलं. पहिलं. दुसरं. एकदाही चुकल्या नाहीत. एकदा जावयाने लबाडी करून दोन्ही वेळा ऑनलाइनच लावलं, तर त्या म्हणाल्या, "यात डिस्क नाहीच. फसवता काय मला?" शेवटी मास्तरांनी विचारलं की ओळखता तरी कसं.

"त्यात काय ओळखायचं? त्या माणसाच्या मागे भिंत आहे. डिस्कवर भिंतीला ओल आलेली दिसते, कंदील हलला की ती चमकते. दुसरीकडे भिंतच विरघळते."

"नवऱ्याची बाजू घेताय तुम्ही, वहिनी," सेक्रेटरी पुटपुटले.

आता मात्र काकू उठल्या. सुई पदराला टोचून त्या बाहेरच्या खोलीत आल्या. "बाजू? अहो, ते कपाट जावं म्हणून मीच पैज लावली. हरले तर माझी खिडकी जाते, तुमचं काय जातं? त्यांच्या कपाटाला नावं ठेवायचीत ना, ती मी ठेवीन. तो माझा हक्क आहे. पण जे दिसतंय ते दिसत नाही असं मी म्हणणार नाही, आणि माझ्या घरात बसून यांना भास होतात असं तुम्हीही म्हणायचं नाही. एकाने जरी ओळखलं तर कपाट राहील असं मी बोलले होते. राहिलं कपाट. चहा घेणार असाल तर बसा."

सेक्रेटरींनी चहा घेतला नाही. मास्तरांनी घेतला आणि जाताना सोमवारी दुकान किती वाजता उघडतं ते हळूच विचारून घेतलं. लेक आणि जावईही गेले. काकांनी एकेक चादर उतरवली. खिडकीच्या उरल्यासुरल्या फटीतून ऊन आत आलं आणि थेट डिस्कच्या कपाटावर पडलं.

काका बराच वेळ तिथे घुटमळले. मग घसा साफ करून म्हणाले, "मी काय म्हणतो, हे कपाट बोळकंडीत हलवू. तू म्हणतेस म्हणून नाही. डिस्कला ऊन वाईट. मशीनला चालतं."

"बरं," काकू म्हणाल्या.

"तुला खरंच ती ओल दिसते?"

"दिसते की. दिवसभर सुई ओवणाऱ्या बाईला भिंत दिसणार नाही?"

"कधीपासून?"

"तुम्ही पहिली डिस्क आणलीत तेव्हापासून."

काका खुर्चीत बसलेच. इतकी वर्षं ते एकटेच सगळ्या जगाशी भांडत होते, आणि ज्या एका माणसाला सगळं दिसत होतं ती त्यांच्याच घरात, मागच्या दिव्याखाली बसलेली होती. त्यांना इतका आनंद झाला की आपण तासाभरापूर्वी हरलो होतो हेही ते विसरले.

"मग एकदा तरी बोलायचं होतंस! एवढी वर्षं एका शब्दाने बोलली नाहीस?"

"बोलले असते," काकू म्हणाल्या, "तर दुसरं कपाट आलं असतं."

काकांची नजर हळूच टीव्हीच्या वरच्या कोऱ्या भिंतीकडे गेली.

"तिकडे बघूसुद्धा नका," काकू म्हणाल्या.